गवताच्या माळाला रिकामी जागा समजू नका : वनखात्याच्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. विभागीय वन अधिकारी
आणि वृक्षलागवडीचे आराखडे मंजूर करणारे सर्व अधिकारी यांस,

विषय : गावाच्या झुडपी जंगलातील गवताळ माळावर होऊ घातलेले चर, तारकुंपण, रोपवन आणि संपूर्ण चराईबंदी यांबाबत.

महोदय,

ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलेल्या सूचनेवरून आम्हांला असे कळले की, गावाच्या उत्तरेकडील माळावर पावसाळ्यापूर्वी सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे लांब खड्डे, खोदले जाणार आहेत, भोवती तारेचे कुंपण होणार आहे, मिश्र प्रजातींची रोपे लावली जाणार आहेत आणि रोपे वाढेपर्यंत तेथे एकाही जनावराला पाय ठेवता येणार नाही. सूचनेत या जागेचे वर्णन ‘रिक्त व अवनत क्षेत्र’ असे केलेले आहे. मी याच माळावर चरणाऱ्या गाईंवर चाललेल्या घरात वाढले. आजही आमच्या गोठ्यात गवळाऊ या आमच्याकडच्या जातीच्या गाई आहेत आणि गावाच्या सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समितीची सचिव या नात्याने त्या जमिनीची जबाबदारी माझ्यावरही आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यातील आमच्या शेजारच्या गावांतही अशाच सूचना लागल्या असल्यामुळे हे पत्र कार्यालयात देऊन थांबावे असे मला वाटले नाही; ते सर्वांनी वाचावे अशी इच्छा आहे.

सर्वांत आधी त्या जागेविषयी सांगते, कारण सूचना लिहिणाऱ्याने ती पावसाळ्यात पाहिलेली दिसत नाही. माळाच्या माथ्यावर काळ्या दगडावर वीतभर मुरूम आहे आणि तेथे कुसळी व शेडा ही गवते उगवतात. उतारावर माती थोडी साचली आहे, तेथे पवन्या येतो. खाली खोलगट भागात, जेथे पाणी दोन दिवस थांबते त्या काळ्या मातीत, मारवेल आणि मुशान यांचे दाट ठोंब आहेत, आणि नाल्याच्या काठाने पळस, खैर, तेंदू अशी झाडे आपोआप उभी राहिली आहेत. झाडे कोठे येतात आणि कोठे येत नाहीत हे या जमिनीने फार पूर्वीच ठरवलेले आहे. आमच्याकडचा बहुतेक सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. वीतभर मुरमात तोपर्यंत ओल टिकत नाही. जून ते कार्तिक एवढ्या काळात वाढून, बी धरून, पुन्हा मुळांत निजणाऱ्या गवताला तेवढी ओल पुरते. बारा महिने तहान लागणाऱ्या रोपाला ती पुरत नाही.

भारतातील गवतांचे जे वर्गीकरण १९७३ साली प्रसिद्ध झाले, त्यात दख्खनच्या पठारासह द्वीपकल्पाचा मोठा भाग शेडा आणि मारवेल यांच्या गटात घातलेला आहे. त्याच्या आधी, १९६८ साली, वनांच्या वर्गीकरणात आमच्या भागातील सागवानी जंगल शुष्क पानझडी म्हणून नोंदले गेले. एकाच पर्जन्यमानात ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदतात. पश्चिमेला अकोला–बुलढाण्याकडे वर्षाला सुमारे सात-आठशे मिलिमीटर पाऊस होतो, पूर्वेला गडचिरोली–गोंदियाकडे तेराशेच्याही पुढे जातो आणि आम्ही या दोहोंच्या मध्ये आहोत. अशा मधल्या पट्ट्यात कोणत्या जागी जंगल उभे राहील आणि कोणत्या जागी गवत राहील, हे एकटा पाऊस ठरवत नाही. मातीची खोली, गुरांचे तोंड, वणवा आणि कुऱ्हाड मिळून ते ठरवतात. काही तज्ज्ञ आमच्या गवताळ जमिनींना तुटलेल्या जंगलाची पुढची पायरी मानतात, तर काही त्यांना स्वतंत्र परिसंस्था मानतात. तो वाद मी सोडवू शकत नाही. परंतु चराई आणि आग यांचे प्रमाण बदलले की वनस्पतींची रचना बदलते, हे दोघांनाही मान्य आहे आणि आमच्या माळाचा प्रश्न नेमका तेथे आहे.

माळ उत्तम स्थितीत आहे असा आमचा दावा नाही. आखराच्या, म्हणजे गावची गुरे गोळा होतात त्या जागेच्या, बाजूचा भाग अतिचराईने खराब झालेला आहे, आणि तो कसा खराब झाला हे समजून घेतल्याशिवाय त्यावरचा उपाय ठरवता येणार नाही. बारमाही गवत पहिल्या पावसानंतर जे कोंब काढते ते मुळांत साठवलेल्या अन्नावर काढते. पुढचे काही आठवडे पाने वाढतात, उन्हात अन्न तयार होते आणि मग ते पुन्हा मुळांकडे उतरते. याच आठवड्यांत गुरांनी कोंब वरचेवर खाल्ला, तर मुळे रिकामी होतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत तो ठोंब मरतो. गुरे आवडीचे आधी खातात. म्हणून पवन्या आणि मारवेल आधी जातात, मग कुसळी वाढते आणि ताण आणखी वाढला की एका पावसात उगवून वाळणारी बारीक गवते उरतात. शेवटी गुरे ज्याला तोंड लावत नाहीत ते माजते: तरोटा, रानतुळस, गाजर गवत, घाणेरी. तिखाडीच्या पानांत तेल असल्याने तीही गुरे टाळतात, म्हणून जेथे तिखाडीचेच राज्य दिसते तेथे तिच्या शेजारचे गोड गवत बहुधा खाऊन संपलेले असते.

पुढची पायरी झुडपांची आहे. गवत विरळ झाले की उन्हाळ्यात आग पसरायला इंधन राहत नाही. आग न लागल्याने बोर, हिवर, बाभूळ यांची रोपे वाचतात; त्यांच्या शेंगा व फळे शेळ्या-गुरे खातात आणि बिया शेणा-लेंड्यांतून माळभर पसरवतात. काट्यांमुळे ती रोपे चरलीही जात नाहीत. सरकारी कागदांत ज्याला झुडपी जंगल म्हटले आहे, त्याचा काही भाग अशा रीतीने तयार झालेला आहे. म्हणजे गवत कमी होणे आणि झाडोरा वाढणे या दोन्ही गोष्टी बिघाडाची खूण असू शकतात. उपग्रहाच्या चित्रात मात्र हिरवे वाढलेले दिसते आणि ते सुधारणा म्हणून मोजले जाते.

आगीचेही तसेच आहे. मार्च–एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, पुढे तेंदूपानाचा हंगाम येतो आणि कोठून तरी वणवा पेटतो. दरवर्षी जळणाऱ्या जंगलात साग आणि पळस टिकतात, कारण ते मुळांपासून पुन्हा फुटतात. बाकीच्यांची रोपे जळून जातात आणि जंगल हळूहळू दोन-चार जातींचे होते. कुसळीने तर आगीवर स्वतःचाच उपाय शोधला आहे. तिचे एक पिकलेले बी तळहातावर घ्यावे आणि त्यावर थेंबभर पाणी टाकावे. बियाच्या मागची लांब शेपटी ओल लागताच पीळ सोडू लागते आणि वाळली की पुन्हा पीळ घेते. या फिरण्याने बियाचे टोकदार तोंड मातीत शिरते. दवाने ओले आणि उन्हाने कोरडे होता होता बी जमिनीच्या आत पोहोचते आणि वरून आग गेली तरी सुखरूप राहते. लुगड्याच्या काठात रुतलेली कुसळे काढताना ही किमया आमच्याकडच्या प्रत्येक बाईने पाहिलेली आहे. अशा गवतावरून वर्षाआड आग जाणे आणि सागाच्या कोवळ्या रोपांवरून आग जाणे यांचे परिणाम एकसारखे नसतात, आणि एकच नियम दोहोंना लावून चालत नाही.

आता आमच्या तक्रारी मांडते.

पहिली तक्रार चरांची आहे. गावाच्या दक्षिणेला काही वर्षांपूर्वी असेच रोपवन झाले. आज तेथे गेल्यास चराच्या मातीच्या प्रत्येक बांधावर पुरुषभर उंच रानतुळस माजलेली दिसते, दोन चरांच्या मध्ये तरोटा आहे, लावलेल्या रोपांपैकी बहुतेकांच्या जागी वाळलेल्या काड्या आहेत आणि ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड तेवढे तग धरून आहे. असे होण्याचे कारण उघड आहे. यंत्राने मुरूम उलटा केला की बारमाही गवताचे जुने ठोंब मुळासकट उपटले जातात आणि ती गवते बियांपासून परत यायला फार वेळ लागतो. उघड्या, उलटलेल्या मातीवर सर्वांत आधी हक्क सांगतात त्या उपद्रवी वनस्पती, कारण त्यांचे बी मुबलक असते आणि त्यांना कोणी खात नाही. पाणी अडवायला म्हणून खोदलेल्या चरांनी पाणी धरणारे गवतच नाहीसे केले. ज्या उतारावर गवताचे दाट आच्छादन आहे तेथे मुळांचे जाळे माती बांधून ठेवते. तेथे चर खोदणे म्हणजे धूप थांबवण्याच्या नावाखाली ती सुरू करणे होय.

दुसरी तक्रार संपूर्ण चराईबंदीची आहे. बंदी घातली की निसर्ग सावरतो असे गृहीत धरलेले दिसते. अगदी उजाड झालेल्या तुकड्याला काही पावसाळ्यांची विश्रांती निश्चितच लागते, आणि ती देण्यास आम्ही तयार आहोत. पण ज्या गवताला चरण्याची आणि कापण्याची सवय आहे, ते वर्षानुवर्षे न कापता ठेवले तर जुनी वाळलेली काडी तशीच उभी राहते, खालच्या नव्या कोंबांना ऊन मिळत नाही आणि ठोंब मधूनच मरू लागतो. तीच वाळकी काडी चैत्र-वैशाखात वणव्याचे इंधन ठरते. तारेच्या आत कमरेइतके वाळलेले गवत आणि त्यात तुमची कोवळी रोपे, अशी स्थिती असेल तर एका ठिणगीत सारा खर्च राख होईल. गवत कापून नेऊ देणे हाच तेथे आग टाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

तिसरी तक्रार गुरांची आणि त्यांच्यामागे चालणाऱ्या माणसांची आहे. माळ बंद झाल्यावर गुरे नाहीशी होत नाहीत, ती दुसरीकडे जातात, आणि आमच्यासाठी दुसरीकडे म्हणजे आतले दाट जंगल. जेथे खरोखर झाडांची नैसर्गिक रोपे उगवत आहेत तेथे ती तुडवली जातील. शिवाय विदर्भात वाघाच्या हल्ल्यांत गुराखी दगावल्याच्या बातम्या आपण सर्वच वाचतो. उघड्या माळावर दूरवर दिसते, दाट झाडीत दिसत नाही. म्हाताऱ्या गुराख्याला त्या झाडीत ढकलणारा निर्णय वनसंवर्धनाचा आहे असे मला म्हणता येणार नाही. घरच्या वैरणीचा आधारही आता राहिलेला नाही. ज्वारी होती तेव्हा कडबा होता. तिची जागा सोयाबीनने घेतल्यावर हाती फक्त कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, राहिले, आणि ढेप (पेंड) विकत घेऊन गावरान गाय पोसणे कोणालाच परवडत नाही. कापसाची वेचणी संपल्यावर पऱ्हाटीत काही दिवस गुरे चारता येतात, मग पुन्हा माळच. गवळाऊ ही देशात नोंदणी झालेली आमच्या भागाची जात आहे. ती या माळांवर आणि नदीकाठच्या कुरणांवर घडली. तिच्या संवर्धनाच्या योजना एका खात्याने काढायच्या आणि तिचे गवत दुसऱ्या खात्याने कुंपणाआड करायचे, हे कोणत्या हिशेबात बसते ते आम्हांला समजावून सांगावे.

चौथी गोष्ट मोजमापाची. राज्यात २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी रोपे लावण्याची उद्दिष्टे ठेवली गेली. उद्दिष्ट रोपांच्या संख्येत दिले की जागा शोधली जाते ती झाडे नसलेली, आणि झाडे नसलेली जागा म्हणजे बहुतेक वेळा गवताचा माळ. खालच्या कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे मागितलाच जातो तो खड्ड्यांचा आकडा. पण याच माळांवर अकोला–वाशीम भागात पावसाळ्यात तणमोर हा पक्षी विणीला येतो, कारंजा-सोहोळचे अभयारण्य काळविटांसाठीच राखलेले आहे आणि वरोऱ्याच्या परिसरात माळढोक दिसत असे. या प्राण्यांना झाडांची दाटी नको, मोकळे गवत हवे. ताडोब्यात आणि मेळघाटात पुनर्वसित गावांच्या रिकाम्या जागी वनखात्यानेच गवताची कुरणे वाढवली, तण काढले, चांगल्या गवताचे बी पेरले, कारण हरणे-गवे वाढल्याशिवाय वाघ टिकत नाही हे खात्याला पक्के ठाऊक आहे. ही जाण अभयारण्याच्या सीमेवर येऊन का थांबते?

हवामानाचे कारण पुढे केले जाईल, म्हणून त्याविषयीही लिहिते. मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले गेले. दोन मोठ्या पावसांमधील उघडीप किती लांबते हे आमच्या शेतांत आम्ही पाहतोच. अशा पावसात रोपांची मर वाढते आणि घट्ट मुळांच्या गवताची किंमतही वाढते. हवेतील कर्बवायू औद्योगिक काळापूर्वी दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होता, तो आज ४२० च्या वर गेला आहे, आणि या वाढीचा लाभ गवतापेक्षा झाडोऱ्याला अधिक मिळतो. म्हणजे गवत राखायला आधीपेक्षा जास्त काळजी घ्यावी लागणार. कर्ब साठवायचा म्हणून झाडे लावतो असे कोणी म्हणत असेल, तर गवताचा कर्ब बराचसा जमिनीखाली मुळांत आणि मातीत असतो, तेथे वणवा पोहोचत नाही, आणि चर खोदल्याने तोच मोकळा होतो, हेही हिशेबात धरावे.

पाचवी तक्रार कायद्याची आहे आणि ती थोडक्यात सांगता येते. ही जमीन निस्तार पत्रकात, म्हणजे गावाच्या समाईक वापराच्या हक्कांच्या सरकारी नोंदीत, गुरचराईसाठी नोंदलेली आहे. नदीपलीकडे वऱ्हाडात अशाच जमिनीला ई-क्लास म्हणतात. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३ मध्ये चराईचा हक्क आणि सामूहिक वनाचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला आहे, आणि कलम ५ ने ग्रामसभेला त्यासाठी अधिकार दिले आहेत. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक हक्क २००९ साली मिळाला, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. हा अधिकार नवखा राहिलेला नाही. तरीही आमच्या ग्रामसभेपुढे हा आराखडा एकदाही ठेवला गेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात पूर्व विदर्भातील झुडपी जमिनी वनच आहेत असे मानले, आणि त्याचबरोबर बिगर-वनजमीन उपलब्ध नसल्याचे मुख्य सचिवांचे प्रमाणपत्र असल्याशिवाय त्या पर्यायी वनीकरणासाठी, म्हणजे दुसरीकडे गेलेल्या वनाच्या बदल्यात झाडे लावण्यासाठी, वापरता येणार नाहीत असेही बजावले. आमच्या माळावरील कामाचा पैसा कोणत्या योजनेतून येतो आहे, याचा सूचनेत उल्लेखच नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. ग्रामसभेत आराखडा मांडून तिची लेखी संमती मिळेपर्यंत माळावर यंत्र आणू नये. निधी कोणत्या योजनेचा आहे आणि कोणत्या प्रजाती लावल्या जाणार आहेत, हे मराठीत लिहून द्यावे.

२. मातीची खोली आणि गवताच्या जाती यांची पाहणी श्रावण-भाद्रपदात, गवत ओळखता येते तेव्हा, खात्याचे कर्मचारी, गवताचे जाणकार आणि आमचे गुराखी यांनी मिळून करावी. जेथे बारमाही गवत आहे तेथे चर आणि रोपे नकोत. नाल्याकाठी आणि खोल मातीच्या जागी स्थानिक झाडे लावायला आमची हरकत नाही, आम्ही श्रमदानही करू.

३. संपूर्ण बंदीऐवजी आळीपाळीची चराई मान्य करावी. समितीने माळाचे चार भाग पाडण्याचे ठरवले आहे. पहिल्या पावसापासून पोळ्यापर्यंत बारमाही गवताच्या भागात गुरे सोडायची नाहीत. एक भाग दरवर्षी बी पडेपर्यंत पूर्ण बंद ठेवायचा आणि दिवाळीच्या सुमारास विळ्याने कापून गवत घरोघरी वाटून घ्यायचे. आखराजवळचा उजाड तुकडा सलग तीन पावसाळे बंद ठेवून त्यात पवन्या व मारवेल यांचे बी पेरायचे. किती गुरे सोडायची याचा निर्णय ग्रामसभा दरवर्षी गवत पाहून करील आणि बाहेरून येणाऱ्या कळपांशीही आधी बोलून दिवस ठरवील.

४. चरांसाठी ठेवलेला पैसा घाणेरी, रानतुळस आणि गाजर गवत बी धरण्यापूर्वी मुळासकट काढण्यासाठी, जाळरेषा आखण्यासाठी आणि उन्हाळ्यात आग राखण करणाऱ्यांच्या मजुरीसाठी वळवावा. हे काम रोजगार हमीतून झाले तर गावातल्या बायांना फाल्गुन-चैत्रात हाताला काम मिळेल.

५. दक्षिणेकडील जुन्या रोपवनात किती रोपे लावली, आज किती जिवंत आहेत आणि एकूण किती खर्च झाला, याचा तपशील ग्रामसभेला द्यावा. तो तपासल्याशिवाय त्याच पद्धतीचे नवे काम हाती घेऊ नये.

६. पुढील कार्य-आयोजनेत, म्हणजे खात्याच्या वन-व्यवस्थापन आराखड्यात, गवताळ जमिनीची वेगळी नोंद करावी आणि त्यांच्यासाठी ‘रिक्त’ किंवा ‘अवनत’ हे वर्ग वापरू नयेत.

मृग लागायला थोडेच दिवस उरले आहेत आणि यंत्रे आधी येतील अशी धास्ती गावात आहे. म्हणून आपण किंवा आपल्या प्रतिनिधीने त्यापूर्वी ग्रामसभेला यावे आणि या सहा मुद्द्यांवर लेखी उत्तर द्यावे, ही विनंती. ग्रामसभेची नोटीस, समितीने केलेला चार भागांचा नकाशा आणि निस्तार पत्रकाची प्रत या पत्रासोबत आपल्या कार्यालयात जमा केली आहे.

आपली,
सचिव, सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समिती,
वर्धा नदीच्या खोऱ्यातील एक गाव